कोल्हापूर सोडून पुण्याला जायचं का? लहान मूल असलेल्या घराने ऑफर स्वीकारण्याआधी करायची आकडेमोड

पुण्याहून ऑफर आली की घरात, पाहुण्यांत, मित्रांत एकच आकडा फिरतो: पॅकेज. निर्णय घ्यायला हाच आकडा सगळ्यात कमी कामाचा आहे. घरात दोन-चार वर्षांचं मूल असेल तर खरे प्रश्न वेगळे असतात. महिनाअखेर हातात किती उरतं? मुलाजवळ दिवसभर कोण असतं? आणि नवरा-बायकोपैकी ज्याला ऑफर आलेली नाही, त्याच्या कामाचं काय होतं? हा तिसरा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणून तो पुढे ढकलला जातो आणि वर्षभराने ओढाताण सुरू होते ती नेमकी तिथूनच.

इथे कोल्हापुरातून चाकण-हिंजवडीकडे जाणारं घर डोळ्यांसमोर ठेवलं आहे. सांगली, सातारा, सोलापूर किंवा लातूरच्या वाचकांनी आकडे आपले घालावेत, रीत तीच राहील. खाली ‘समजा’ म्हणून दिलेल्या रकमा हिशोब कसा मांडायचा ते दाखवण्यापुरत्याच आहेत.

पायरी १: पत्राचं शेवटचं पान वाचा

ऑफर लेटरच्या पहिल्या पानावर वर्षाचं सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) असतं. पगाराची फोड शेवटच्या पानावर, जोडपत्रात असते. पेन घेऊन तिथे बसा.

समजा सीटीसी ८,४०,००० आहे. महिन्याला ७०,००० झाले, असं मन लगेच म्हणतं. आता वजा करत चला. बेसिक निम्मं, म्हणजे ३५,००० धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी ४,२०० होतो. ग्रॅच्युइटीची (पुरेशा सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे १,६८४. गट विम्याचा हप्ता समजा ८००. व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) १० टक्के, म्हणजे महिन्याला ७,०००, आणि तेही वर्षाअखेर, मिळालं तर. हे सगळं सीटीसीत मोजलेलं असतं, पण दरमहा खात्यात येत नाही. उरले ५६,३१६. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ४,२०० आणि व्यवसाय कर २०० गेला (फेब्रुवारीत ३०० जातो, वर्षाचे २,५००). हातात आले साधारण ५१,९००. नव्या करप्रणालीत पगारदाराला १२.७५ लाखांपर्यंत आयकर नाही, त्यामुळे इथे आणखी कपात होणार नाही. मात्र या प्रणालीत घरभाडे भत्त्याची सूटही मिळत नाही. ‘भाडं जास्त तर कर वाचेल’ हा जुना हिशोब धरून बसू नका.

७०,००० आणि ५१,९०० यांत १८,००० चं अंतर आहे. घरभाडं तेवढंच असतं.

याच बैठकीत एचआरला विचारायचे प्रश्न लिहून ठेवा. नोकरी कंपनीच्या रोलवर आहे की कॉन्ट्रॅक्टरच्या? चाकण-रांजणगाव पट्ट्यात हा पहिला प्रश्न असायला हवा. कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवरची नोकरी असेल तर कुटुंब हलवू नका, एकट्याने जाऊन पाहा. याच ग्रेडला गेल्या दोन वर्षांत व्हेरिएबल किती टक्के मिळालं? प्रोबेशन किती महिने? शिफ्ट फिरती आहे का? कंपनीची बस कुठून कुठे जाते? बदली कुठेही होऊ शकते असं कलम आहे का? जॉइनिंग बोनस असेल तर तो किती महिन्यांत सोडल्यास परत करावा लागतो?

आणि एक प्रश्न, जो कोल्हापूरकडच्या माणसाला सुचत नाही: साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी? पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणकडच्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. मुलाची शाळा रविवारी बंद. जोडीदाराचं ऑफिस शनिवार-रविवार बंद. म्हणजे आठवड्यात तिघं मिळून घरी असण्याचा एकही दिवस नाही. पगाराच्या फोडीत हे कुठेच दिसत नाही, पण घरावर याचा परिणाम भाड्याइतकाच होतो.

पायरी २: दोन रकाने, एक वही

वहीचं एक पान उभं दुभागा. डावीकडे आजचं घर, उजवीकडे पुण्याचं. पगार नाही, शिल्लक तुलना करायची आहे.

डावीकडे समजा एकाचा हातात येणारा पगार ३४,००० आणि दुसऱ्याचे शिकवण्या, शिवणकाम किंवा अर्धवेळ कामाचे १२,०००. एकूण ४६,०००. घर स्वतःचं, भाडं नाही. खर्च २४,०००. शिल्लक २२,०००.

हा २४,००० चा खर्च एवढा कमी का, तेही लिहा. गावाकडून तांदूळ येतो, शेंगा येतात, गूळ येतो. दूध घरचं किंवा शेजारच्या गोठ्यातलं. आजी-आजोबा मुलाला सांभाळतात. दवाखाना ओळखीचा. यातल्या प्रत्येक गोष्टीची बाजारभावाने किंमत करून बाजूला मांडा, कारण पुण्यात ती प्रत्येक विकत घ्यायची आहे.

उजवीकडे समजा: भाडं १५,५०० आणि मेंटेनन्स १,५००, किराणा-दूध-भाजी १२,०००, वीज-गॅस-इंटरनेट २,५००, रोजचा प्रवास ४,०००, शाळा आणि व्हॅन ६,५००, कोल्हापूरच्या फेऱ्या २,५००, औषधपाणी १,५००, इतर ३,०००. बेरीज ४९,०००. हातात येणारे ५१,९००. शिल्लक २,९००.

पगार दीडपट झाला आणि शिल्लक २२,००० वरून तीन हजारांच्या आत आली. हे गणित घाबरवण्यासाठी मांडलेलं नाही. पुण्यातलं घर एका पगारावर का ताणलं जातं ते यातून कळतं. आता उजव्या रकान्यात दुसऱ्याचा पगार घाला: समजा २५,०००. त्यातून पाळणाघर ८,००० आणि प्रवास २,००० वजा करा, कारण तो खर्च त्या नोकरीमुळेच होतो. निव्वळ भर १५,०००. शिल्लक १७,९००.

यावरून मागायचा पगार काढता येतो. आजची शिल्लक अधिक पुण्याचा खर्च, वजा जोडीदाराची निव्वळ भर: २२,००० + ४९,००० − १५,००० = ५६,०००. म्हणजे हातात ५६,००० आले तरच आजच्याइतकं उरेल. ऑफर त्यापेक्षा ४,१०० ने कमी आहे, वर्षाला जवळपास ५०,००० ने. ८४,००० च्या व्हेरिएबलपैकी साठ टक्के मिळालं तरच बरोबरी. जोडीदार काम करणार नसेल तर लागणारा आकडा ७१,००० होतो. एचआरशी बोलायला जाताना हे दोन आकडे खिशात हवेत. बेसिक वाढवायला कंपनी खळखळ करते. पण सामान हलवण्याचा खर्च, पहिल्या पंधरा दिवसांची राहण्याची सोय किंवा रुजू होण्याची तारीख पुढे नेणं हे त्यामानाने सहज मिळतं. मागितलं नाही तर मात्र कोणी आपणहून देत नाही.

एकदाच होणारा खर्च वेगळ्या पानावर. डिपॉझिट ५०,०००, दलाली एका महिन्याचं भाडं १५,५००, करारनामा आणि एजंट ३,०००, टेम्पो किंवा ट्रक १८,०००, पंखे-पडदे-वॉशिंग मशीनसारख्या वस्तू ३५,०००, शाळाप्रवेश २५,०००, आणि पहिले दोन महिने दोन घरं चालवण्याचे २०,०००. एकूण १,६६,५००. यातलं परत मिळण्यासारखं फक्त डिपॉझिट. हा खर्च बाजूला काढून शिवाय पुण्यातला चार महिन्यांचा खर्च, म्हणजे दोन लाखांच्या आसपास, गाठीशी असावा. एवढे पैसे सोनं गहाण ठेवून किंवा पर्सनल लोन काढून उभे करायची वेळ येत असेल तर ऑफर चांगली असली तरी वेळ चुकीची आहे.

शिल्लक कमी झाली तरी जावं, असं कधी?

असं असू शकतं, आणि ते प्रामाणिकपणे तपासायला हवं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथे फाउंड्री आणि मशीन शॉपचं काम भरपूर आहे. तेच काम वीस टक्के जास्त पगारावर चाकणला करायला कुटुंब हलवू नये. पण ऑटोमेशन, टेस्टिंग, डिझाइन किंवा सॉफ्टवेअरचं काम असेल तर स्वतःला हे विचारा: ही नोकरी दोन वर्षांनी गेली तर रोज जाता येईल एवढ्या अंतरावर याच कामाच्या किती कंपन्या आहेत? कोल्हापुरात उत्तर दोन-तीन आणि पुण्यात पन्नास असेल, तर तुम्हाला पगारासोबत पुढच्या नोकऱ्यांचा बाजारही मिळतो आहे. त्यासाठी दोन वर्षं कमी शिल्लक सोसणं योग्य ठरतं. दोन वर्षं हे मात्र वहीत लिहून ठेवा. तारीख नसली की तेच सोसणं सवयीचं होतं.

पायरी ३: मूल कोण सांभाळणार, नावानिशी लिहा

‘आई येतील सांभाळायला’ हे उत्तर नाही. आईंना विचारलं का? किती महिने येतील? बाबांच्या जेवणाचं कोण बघणार? ऊस तोडणीला आला की काय? दारात गप्पा मारत बसायची सवय असलेल्या माणसाला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट लवकर नकोसा होतो, आणि मुलांसमोर ते बोलून दाखवणं त्यांना जड जातं. त्यामुळे ‘जूनपासून दिवाळीपर्यंत’ अशा ठरावीक मुदतीसाठी विचारा, आणि त्यांनी नाही म्हटलं तर मनात राग धरू नका. दिवाळीनंतर काय, त्याची सोय आजच बघा.

पाळणाघर बघायला सकाळी जाऊ नका. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहाला जा, त्या वेळी ताई थकलेल्या असतात आणि मुलं कंटाळलेली. दारात दहा मिनिटं उभे राहा. मुलाला कोण घेऊन जातंय हे बघूनच दार उघडतात का? एका ताईंकडे किती मुलं आहेत, त्यात एक वर्षाखालची किती? रडणाऱ्या मुलाला कोणी उचलून घेतं का? सीसीटीव्ही आहे म्हणून समाधान मानू नका, कॅमेरा मूल उचलून घेत नाही. उशीर झाल्यास जादा पैसे किती, गुरुवारी-शनिवारी चालू असतं का, ताप आल्यावर मूल ठेवून घेतात का, हे विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी तापाचं मूल ठेवून घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण नव्याने पाळणाघरात जाणारं मूल पहिल्या दोन-तीन महिन्यांत वारंवार आजारी पडतं. नेमके हेच महिने प्रोबेशनचे असतात आणि रजा शिल्लक नसते. तेव्हा घरी कोण राहणार? दोघांनी आधीच ठरवा, आळीपाळीने की एकानेच.

पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला कायद्याने पाळणाघराची सोय बंधनकारक केली आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याची मुभा आहे. सोय कुठे आहे, कंपनीत की बाहेर कुणाशी करार करून, हे विचारायला संकोच नको.

दुसरं बाळ येण्याची शक्यता असेल तर एक अट आधीच माहीत हवी. पगारी प्रसूती रजा मिळण्यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्याच आस्थापनेत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. जुन्या कंपनीतले दिवस यात धरत नाहीत. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत नोकरी बदलली तर २६ आठवड्यांच्या रजेचा हक्क हातचा जाऊ शकतो.

या पायरीवर माणसाच्या नावानिशी आणि तारखेसकट उत्तर मिळत नसेल, तर बाकी सगळं जुळत असलं तरी थांबा.

पायरी ४: ज्याला ऑफर नाही, त्याची नोकरी

बहुतेक घरांत हा ‘दुसरा’ म्हणजे बायको असते. ऑफर बायकोला असेल तर नवऱ्यासाठीही हेच लागू आहे.

पुण्याला जाण्याआधी दोन महिने अर्ज सुरू करा, मुलाखती ऑनलाइन द्या. एकही मुलाखत न देता ‘तिकडे मिळेलच’ म्हणणं म्हणजे उजव्या रकान्यातले २५,००० हवेत लिहिणं. शिकवण्या किंवा शिवणकाम करणाऱ्या व्यक्तीचं गिऱ्हाईक गावातच राहतं. नव्या सोसायटीत ते पुन्हा जमवायला वर्ष जाऊ शकतं, तेवढा काळ तो रकाना शून्य धरा. जोडीदार जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर आंतरजिल्हा बदली कधी होईल ते आपल्या हातात नसतं, आणि झालीच तर नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता तळापासून सुरू होते. कायम सरकारी नोकरी खाजगी ऑफरसाठी सोडायचा विचार असेल तर हे पान दोनदा वाचा.

पायरी ५: आजची नोकरी सोडायची तारीख

कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते. सूत्र असं: शेवटचं बेसिक अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. बेसिक १८,००० आणि सेवा पाच वर्षं असेल तर जवळपास ५२,००० होतात. साडेचार वर्षं झालेल्या माणसाने सहा महिने आधी राजीनामा दिला तर एवढी रक्कम बुडते. नव्या कंपनीला तारीख पुढे न्यायला सांगता येते का बघा.

पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) नव्या कंपनीत वर्ग करा. पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो, वर्ग केल्यास मागची सेवा धरली जाते. आणि कंपनीचा गट आरोग्य विमा शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो, हे लक्षात असू द्या. जुनी नोकरी ३० ला सुटली आणि नवी १५ ला सुरू झाली तर मधले दोन आठवडे मुलासकट कोणालाच संरक्षण नाही. कुटुंबाची स्वतंत्र आरोग्य पॉलिसी निघण्याआधीच घ्या. त्यातही अपघात सोडून इतर आजारांना पहिले ३० दिवस संरक्षण नसतं आणि आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त ३ वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो, त्यामुळे जितकी आधी तितकी बरी.

पायरी ६: घर कंपनीवरून नव्हे, मुलावरून शोधा

चाकणला काम असेल तर मोशी, चिखली, तळेगाव, राजगुरुनगर. हिंजवडीला वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत, मारुंजी. खराडीला चंदननगर, केशवनगर, वाघोली. पण क्रम उलटा लावा. आधी शाळा किंवा पाळणाघर, त्याच्या दोन किलोमीटरच्या आत घर, आणि मूल आजारी पडलं की धावत येऊ शकणारा पालक अर्ध्या तासात पोचेल असं अंतर. दुसऱ्याचा प्रवास लांबला तर लांबू द्या.

घर रविवारी दुपारी बघू नका. रविवारी रावेतहून हिंजवडी फेज ३ जवळ वाटतं. सोमवारी सकाळी आठला त्याच रस्त्याने स्वतः गाडी चालवून जा, संध्याकाळी साडेसहाला परत या आणि घड्याळ बघा. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर कंटेनर असतात, तिथे दुचाकीने रोज जाणं-येणं जमेल का तेही त्याच वेळी कळेल. पुढे होणाऱ्या मेट्रोच्या किंवा रुंद होणाऱ्या रस्त्याच्या भरवशावर आजचं घर घेऊ नका.

पाण्याची चौकशी एजंटकडे नको, वॉचमनकडे करा. ‘काल टँकर किती आले?’ असा साधा प्रश्न विचारला की खरं उत्तर मिळतं. मग स्वयंपाकघरातला नळ सोडा, स्टीलच्या पेल्यात पाणी घ्या, वास घ्या, पाच मिनिटं ठेवून तळाशी काय बसतं ते बघा. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये आहे की वेगळा, त्यासाठी मागच्या मे महिन्याची पावती मागा. ही चौकशी उगाच नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गीयाँ-बारे सिंड्रोमचे (जीबीएस या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट होतं. महापालिकेत गाव समाविष्ट झालं म्हणजे शुद्ध पाणी लगेच आलं असं नसतं. लहान मूल असलेल्या घराने पाणी उकळून पिण्याची सवय पहिल्याच दिवशी लावावी.

करार ११ महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ असतो आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ‘नोटरी करून घेऊ, स्वस्तात होईल’ याला तयार होऊ नका. एकूण भाड्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क (परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के काल्पनिक व्याज धरून) आणि शहरी भागात १,००० रुपये नोंदणी फी, हाच मुख्य सरकारी खर्च असतो. वरच्या उदाहरणात मुद्रांक पाचशेच्या आसपास येईल. बाकी जे मागतात ते बहुतेक एजंटचं. लॉक-इनचं कलम नीट वाचा. सहा महिने घर सोडता येणार नाही असं असेल आणि प्रोबेशनही सहा महिन्यांचं असेल, तर नोकरी गेली तरी भाडं चालू राहील. ‘नोकरी गेल्यास किंवा बदली झाल्यास एका महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येईल’ एवढं एक वाक्य करारात घालून घ्या. राहायला जायच्या दिवशी भिंती, नळ, फरशी यांचं मोबाइलवर चित्रीकरण करून मालकाला पाठवा. डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापायची वेळ येते तेव्हा हेच उपयोगी पडतं.

पायरी ७: शाळेचं कॅलेंडर

राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, सीबीएसईच्या बहुतेक एप्रिलमध्ये. पुण्यातल्या मागणी असलेल्या शाळांचे नर्सरीचे प्रवेश मात्र आदल्या नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच सुरू होतात. ऑफर मार्चमध्ये आली तर हवी ती शाळा मिळेलच असं नाही, पण म्हणून पहिल्या भेटलेल्या महागड्या शाळेत मोठं डोनेशन देऊन बसू नका. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या सेमी इंग्रजीच्या वर्गांची चौकशी करा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला तो बदल सोपा जातो.

वयाचा नियम बघून घ्या. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होणारं मूल चालतं, केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चला सहा पूर्ण लागतात. ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्या मुलाचं यात एक वर्ष इकडे-तिकडे होतं.

आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करायचा असेल (दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत, वंचित घटकांतल्या मागास प्रवर्गांना ही उत्पन्नाची अट नाही), तर भाडेकरार नोंदणीकृत आणि अर्जाच्या तारखेआधीचा हवा. नोटरीवर भागवलेली घरं इथेच अडकतात.

पायरी ८: आधी एकट्याने, पण मुदत घालून

प्रोबेशन संपेपर्यंत एकट्याने पीजीत किंवा कॉट बेसिसवर राहणं हा सगळ्यात सुरक्षित मार्ग. मात्र मुदत तीन ते सहा महिन्यांची ठेवा आणि शेवट मे महिन्यात येईल असं बघा. वर्षभर लांबलेलं हे ‘तात्पुरतं’ घराला दोन्हीकडून पोखरतं. तिकडे मूल बापाला व्हिडिओ कॉलवरच ओळखू लागतं, इकडे दुहेरी खर्चात वाढीव पगार विरघळतो.

कोल्हापूर-पुणे साधारण २३० किलोमीटर. शुक्रवारी संध्याकाळी पुण्यातून बाहेर पडताना आणि खंबाटकी घाटात किती वेळ जाईल ते सांगता येत नाही, त्यामुळे दर आठवड्याला येण्याचं कबूल करू नका, पंधरा दिवसांनी धरा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत. आजी-आजोबांच्या फेऱ्यांचा खर्च काढताना हे धरा.

या काळात कोल्हापूरचं घर भाड्याने देऊ नका, जमिनीचा तुकडा विकू नका, आणि पुण्यात फ्लॅटचं बुकिंग करू नका. पहिल्या दोन वर्षांत काढलेलं गृहकर्ज परतीचा रस्ता बंद करतं.

निघण्याआधी गावातूनच करून घ्यायचे कागद

मुलाचा जातीचा दाखला लागणार असेल तर तो मूळ गावच्या प्रांत कार्यालयाकडूनच मिळतो, त्यासाठी वडील-आजोबांचे जुने शाळेचे दाखले लागतात. ते गावातच शोधून प्रती काढून ठेवा, पुण्याहून रजा टाकून हेलपाटे मारण्यापेक्षा हे सोपं. शाळा सोडल्याचा दाखला घ्या आणि शाळेच्या ऑनलाइन नोंदीतलं मुलाचं नाव व जन्मतारीख आधारशी जुळते का ते पाहून घ्या. एका अक्षराच्या फरकाने नव्या शाळेत काम अडतं. मुलाला पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर आधारमध्ये ठसे अपडेट करा. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा, कारण १६ ते २४ महिन्यांचे आणि ५-६ वर्षांचे बूस्टर डोस घर बदलतानाच राहून जातात. गॅस जोडणी आई-वडिलांच्या वापरात असेल तर तशीच राहू द्या. नसेल तर सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर आणि अनामत परत घ्या. मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म ८ लागतो. रेशन कार्ड तेच चालतं, धान्य पुण्यातल्या दुकानातूनही उचलता येतं.

ऑफर बंगळुरू किंवा हैदराबादची असेल तर यात दोन मोठ्या गोष्टी वाढतात. महाराष्ट्रात नोंदवलेली गाडी तिकडे बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर आरटीओची एनओसी घेऊन नव्याने नोंदणी आणि नवा रस्ता कर भरावा लागतो. आणि मूल दहावी-बारावी तिकडेच झालं तर महाराष्ट्रातल्या वैद्यकीय-अभियांत्रिकीच्या राज्य कोट्यात अडचण येते. मूल आज तीन वर्षांचं असल्याने हे दूरचं वाटेल, पण आठवीच्या आत परतायचं की नाही याची खूण आजच वहीत करून ठेवा.

परत बघायची तारीख

पुण्यात गेल्यावर दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तेच पान उघडा आणि तेच रकाने खऱ्या आकड्यांनी भरा. शिल्लक किती, जोडीदाराचं काम लागलं का, मूल कोणाजवळ असतं, कामात नवीन काय शिकता आलं. नोव्हेंबर अशासाठी की राहायचं ठरलं तर शाळाप्रवेशाचा हंगाम हाच असतो. आणि परतायचं ठरलं तर कोल्हापुरात नोकरी बघायला दोन महिने मिळतात, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात राजीनामा दिला की नोटिशीचे ९० दिवस मेच्या सुरुवातीला संपतात, आणि मूल जूनमध्ये कोल्हापूरच्या शाळेत पहिल्या दिवसापासून बसतं.